नवं टायर मागं

मधुकरमामांना मी शेवटचं स्कूटरवर नेलं ते पडेगावला, त्यांच्या जुन्या साहेबांच्या नातवाच्या साखरपुड्याला. जायची तशी काही गरज नव्हती. साहेब कधीच वारले होते आणि त्या घरातलं कुणी मामांना धड ओळखतही नव्हतं. पण मामा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर तयार बसलेले. मी किक मारली, ते मागं बसले, काठी मांडीवर आडवी धरली आणि नेहमीचा प्रश्न आला, "हवा बघितली का?" बघितली म्हटलं. मागचीपण बघितली. "मागची सोड गं," मामा म्हणाले, "पुढची बघत जा. पुढची महत्त्वाची." बरं बरं, म्हणत मी गाडी काढली. त्यांच्या शेवटच्या वर्षातल्या बोलण्याला आम्ही सगळे असंच बरं बरं म्हणत होतो. पुढं थोड्याच दिवसांनी सकाळी मामीचा फोन आला, "सुमन, हे उठंनात गं..." आणि मी हातातली कणीक तशीच टाकून पळाले.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मामांचा मुलगा दिलीप पुण्याला असतो. पोरगा चांगला आहे, बापाचं सगळं केलं त्यानं, पण बोलायला लागला की समोर कोण बसलंय ते बघत नाही. आवराआवर करताना मला म्हणाला, "ताई, खरं सांगू का, बाबांचं डोकं शेवटी राहिलंच नव्हतं. स्कूटरच्या टायरचं बघितलंस ना? आयुष्यभर एक नियम, आणि शेवटी नेमकं उलटं करून ठेवलं." मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे मलापण वळखत नसतील का रे... मधी मधी मलाच म्हनायचे, तुझी मामी कुठं गेली?" मामी त्या दिवसापासून हाच प्रश्न धरून बसली. भाजी निवडताना विचारायची, दिवा लावताना विचारायची, शेजारणीला विचारायची. पन्नासाच्या वर वर्षं ज्या माणसाबरोबर काढली, त्यानं जाताना आपल्याला ओळखलं होतं की नव्हतं? मलाही त्याचं उत्तर हवं होतं. म्हणून मी मामांच्या त्या उलट्या टायरच्या मागं लागले.

मामांचा जन्म कधीचा, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. आजी सांगायची, "पोलीस ॲक्शन झालं, त्याच्या नंतरचा हाय ह्यो." म्हणजे अठ्ठेचाळीस सालानंतर कधीतरी, बस्स. पाटबंधारे खात्यात ते अनुरेखक होते. इंजिनिअरांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर शाईनं गिरवायचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवून आलेला माणूस घरी येऊन प्रश्नच प्रश्न विचारायचा. दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं विकणाऱ्या बाया फळं एकावर एक रचतात, ती घरंगळत का नाहीत? रिक्षावाले एका अंगावर सरकून का बसतात, पाठ दुखत नसंल का? मी सोयगावहून कॉलेजला म्हणून मामांकडं राहायला आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, हे माझी परीक्षाच घेतायत. मग कळलं की नाही, यांना खरंच माहीत नाही आणि खरंच जाणून घ्यायचंय. उत्तर आलं नाही तरी फिकीर नसायची. मामी वैतागायची, "कामधंदा नाय का तुम्हाला?" मामा म्हणायचे, "हाच तर धंदा हाय."

त्यांची स्कूटर गिअरची, फिकट निळी, पाठीमागं स्टेपनी लटकावलेली. तिची तिन्ही चाकं एकाच मापाची, कुठलंही कुठं चालतं. टायर गोटा झालं, म्हणजे त्याच्यावरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली, की मामांचा सण सुरू व्हायचा. रशीदभाईंच्या दुकानी जायचं आणि मला सोबत न्यायचं. रशीदभाई तेव्हा नवाच गडी, बापाच्या गादीवर नुकताच बसलेला. दुसरी गिऱ्हाइकं भाव विचारून मोकळी व्हायची. मामा आधी नक्षी बघायचे. अंगठ्याचं नख एकेका खाचेत रुतवून बघायचे. मग माठातलं पाणी तांब्यात घेऊन उभ्या टायरवर बारीक धारेनं सोडायचे आणि खाली उकिडवे बसून ते कुठून कुठं जातं ते बघत राहायचे. "सुमे, हे बघ, ह्याच्यातून पाणी बाजूला निघून जातं. आणि ह्याच्यात बघ, मधीच बसतं. हे नको." रशीदभाई कपाळाला हात लावायचे, "साब, तुमे टायर लेने आये की उसकू पानी पिलाने आये?" दुकानात हशा व्हायचा. मामाही हसायचे आणि दुसरं टायर खाली काढायला लावायचे. मी लाजेनं रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहायची, पण खरं सांगायचं तर तिथूनही डोळे त्या पाण्यावरच असायचे.

एकदा टायर पसंत पडलं की बसवायची पद्धत ठरलेली. नवं मागं, मागचं पुढं, पुढचं स्टेपनीला. रशीदभाईंकडं सगळ्यांना असंच करून द्यायचे, कारण मागचं चाक ओझं ओढतं आणि लवकर झिजतं. पण मामांचं कारण वेगळंच. ते म्हणायचे, "पुढचं चाक चालवणाऱ्याचं, मागचं चाक मागं बसणाऱ्याचं. आपुन आपल्या जुन्यावर भागवावं. मागं बसलं त्याच्या हातात ना हँडल ना ब्रेक, भरवशावर बसलेलं माणूस ते. नवं त्याला." मी बी.एस्सी.ला होते, मला कुठं राहवतंय? मी म्हटलं, "अहो मामा, पडली गाडी तर दोघं पडणार ना? चाकं काय माणसं वाटून घेतात?" मामा अगदी गंभीर होऊन विचार करत राहिले. मला वाटलं, जिंकले मी. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुझं बरोबर हाय. पण मागं तू बसती, तुझी मामी बसती. म्हणून नवं मागंच." आता ह्याला काय म्हणायचं? मामी मागं आडवी बसायची, मांडीवर भाजीची पिशवी, आणि गाडी हलायच्या आधी न चुकता विचारायची, "हवा बघितली का?" तो प्रश्न मुळात तिचा. मामांनी तो तिच्याकडून कधी उचलला, कुणास ठाऊक.

माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, फिरून फिरून मी पुन्हा ह्याच गावात आले. मामीचे गुडघे गेले आणि तिनं स्कूटर सोडून रिक्षा धरली. मामा मात्र त्याच निळ्या स्कूटरवर. एका दुपारी मी त्यांच्या मागं बसून दवाखान्यातून परत येत होते. क्रांती चौकात सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मामा हलंनात. मी म्हटलं, "मामा, चला की." मामा पाय टेकवून उभे, मान वळवून माझ्याकडं बघत, आणि चेहऱ्यावर ना भीती ना शरम... तेच ते, सीताफळांच्या ढिगाकडं बघताना असायचं तसलं कुतूहल. "सुमे, गंमत बघ. मला कळंनाच, इथून घराकडं कसं जायचं. कालपर्यंत ठावं होतं की गं. कुठं गेलं असंल ते?" मामांनी गाडी बाजूला घेतली, स्वतः उतरले, किल्ली तशीच ठेवली आणि म्हणाले, "तू पुढं ये." लायसन माझ्याकडं होतं, गिअरची सवय नव्हती. घरापर्यंत मी ती स्कूटर कशी आणली ते माझं मला माहीत. मामा मागून सांगत होते, "क्लच सावकाश... हां, अस्सं!" त्या दिवसानंतर त्यांनी कधी हँडल मागितलं नाही. ते मागं बसले ते कायमचे.

मग विसरणं वाढत गेलं. चहा पिऊन झाला की चहा मागायचे, दिलीपला फोनवर साहेब म्हणायचे. अशातच एकदा मला म्हणाले, "रशीदभाईकडं घेऊन चल, टायर गोटा झालं." बघितलं तर खरंच झालेलं. रशीदभाईंनी मधल्या काळात दुकान त्याच रस्त्यावर समोरच्या बाजूला हलवलं होतं. मामांना तिथं स्टुलावर बसवलं आणि मी औषधं आणायला गेले. परत आले तर रशीदभाईंचा चेहरा पडलेला. "बाई, साब सुनतेच नै. नवा टायर आगे डलवाये. मैं बोला पिछे डालते हमेशा, तो मेरेपेच गरम होगये." मामा शेंगा खात शांत बसलेले. पुढं नवं कोरं टायर, मागं झिजलेलं. मी विचारलं, "मामा, असं का हो केलं?" ते म्हणाले, "बराबर हाय ते." त्यापुढं काही नाही. आयुष्यभर ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं, त्याला स्वतःचं कारण सांगता येईना. मला रडू आलं. दिवाळीत दिलीप आला, त्याच्याही ते नजरेत भरलं, आणि मामांचं डोकं गेल्याची खूण म्हणून घरात तेच टायर सांगितलं जाऊ लागलं.

आता मामा गेल्यावर दिलीप म्हणाला, स्कूटर भंगारात देऊ. मामी म्हणाली, "नाय. सुमनकडं ऱ्हाऊ दे." मी ती घेऊन रशीदभाईंकडं गेले, कारण मागचं टायर आता चालवण्यासारखं राहिलंच नव्हतं. रशीदभाईंची दाढी पांढरी झालीय. खबर त्यांना कळलेली होती. बराच वेळ ते हातातला पाना नुसता फिरवत राहिले. म्हणाले, "सवाल बहोत पूछते थे साब. अब कोई नै पूछता. भाव पूछते, चले जाते." मग मागचं चाक खोललं, टायर उलटंपालटं करून बघितलं आणि जीभ चावली. "या अल्ला! इसपे बैठके फिरते थे साब? पुरा गोटा, अंदर का धागा दिखरा." मी त्याच्यावरून अंगठा फिरवला. नक्षीचा मागमूस नव्हता. मी विचारलं, "रशीदभाई, त्या दिवशी मामा काहीच बोलले नाहीत का? नवं पुढं का म्हणून?" त्यांनी आठवून आठवून सांगितलं, "बोले ना. मैं बोला, साब, हमेशा पिछे, आज आगे कायकू? तो मराठीमें बोले, जागा बदलली, रशीदभाई, जागा बदलली. मैं बोला हौ साब, बदली, पहिले उधर था दुकान, अब इधर आगया. तो हंसने लगे साब. बहोत हंसे."

मी स्टुलावर बसले ती बसलेच. जागा बदलली... दुकानाची नव्हे हो! बसायची जागा. पुढं मी आले होते, मागं ते गेले होते. पुढचं चाक चालवणाऱ्याचं, मागचं मागं बसणाऱ्याचं, आणि आपुन आपल्या जुन्यावर भागवावं. नियम कुठं उलटला होता? जिथल्या तिथं होता. घरचा रस्ता विसरलेल्या, चहा प्यायलेला विसरलेल्या माणसानं पुढं कोण बसतं आणि मागं कोण, हे पक्कं ध्यानात ठेवलं होतं. आणि मग माझं नवं टायर पुढं घालून स्वतः त्या गोट्यावर बसून वर्षभर माझ्यामागं हिंडले, काठी मांडीवर आडवी धरून. पुढची बघत जा, पुढची महत्त्वाची. मी भर दुकानात हुंदके देऊन रडले. रशीदभाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला, आणि जरा वेळानं हळूच विचारलं, "नवा किधर डालू, बाई?" मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मागं."

तशीच मामीकडं गेले. ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, रशीदभाईंच्या घोटाळ्यासकट. मामीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग पदराचं टोक डोळ्यांना लावून म्हणाली, "म्हंजे तुला वळखत होते."

"व्हय मामी."

"तुला वळखत होते, तर मला वळखत असनारच की. मी तुझ्या आधीची हाय!" आणि ती चक्क हसली. किती दिवसांनी हसली.

मग दारातल्या स्कूटरकडं बघत तिनं विचारलं, "नवं मागं कशापायी टाकलंस? मागं कोन बसनार हाय आता?" मी स्कूटर ओट्याला अगदी चिकटवून लावली, म्हणजे तिच्या गुडघ्यांना खाली उतरावं लागू नये. मामीनं आत जाऊन कापडी पिशवी आणली, माझ्या खांद्यावर हात टेकून सावकाश आडवी बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"हवा बघितली का?"

"बघितली मामी," मी म्हटलं. "मागची आधी बघितली."