मेंढ्यांचं रक्त लाल का होतं

श्वास घेणं वेगळं आणि श्वसन वेगळं, हे मी नोकरीची सगळी वर्षं पोरांना शिकवत आलो. छाती वर-खाली होते तो श्वास. खरं श्वसन चालतं ते शरीराच्या एकेका पेशीत. तिथे अन्न आणि प्राणवायू एकत्र येतात, त्यातून ताकद तयार होते आणि तिच्यावर हृदय, मेंदू, हातपाय चालतात. फुप्फुस म्हणजे फक्त दार आणि रक्त म्हणजे हमाल. हमालाने ओझं पेशीपर्यंत आणलं, पण आतून कुणी घेतलंच नाही, तर घर उपाशी राहतं. फळ्यावर पेशी काढून, तिच्यात लांबट तंतुकणिका काढून मी हे समजावत असे. चांगलं समजावत असे, असं पोरं म्हणायची.

हे मला नीट माहीत होतं, म्हणूनच पुढचं लिहिणं भाग आहे. माझ्या बांधशेजाऱ्याने धनगराच्या मेंढ्यांना विष घातलं, असं आमच्या गावात गेली वीसेक वर्षं बोललं जातं. त्याने घातलं नव्हतं. मेंढ्या माझ्या शेतातल्या ज्वारीने मेल्या आणि ते मला त्याच सकाळी कळलं होतं.

आमचं गाव साखऱ्याच्या अलीकडचं. पिकं निघाली की धनगर कळप घेऊन येतात आणि शेतकरी आपापल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्री वाघर म्हणजे जाळी लावून कळप एका जागी कोंडतात. सकाळी जाळी उचलली की खाली लेंड्या-मुताचं खत. असं खत गाडीने आणून टाकलेल्या खताला भारी. एक धनगर कुटुंब दरवर्षी आधी माझ्याकडे आणि मग शेजाऱ्याकडे मेंढ्या बसवायचं.

त्या वर्षी ज्वारी काढल्यावर एक अवकाळी पाऊस पडला आणि नंतर कडक ऊन तापलं. कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना अशा वेळी कोवळे, हिरवेगार फुटवे येतात. ते जनावराला मारक असतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. का, ते मला पुस्तकामुळे माहीत होतं. त्या पानातल्या एका प्रकारच्या पेशींत विष साखरेला बांधून ठेवलेलं असतं. ते सोडवणारं द्रव्य दुसऱ्या पेशींत असतं. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावराने चावलं, पेशी फुटल्या, की पडते.

धनगराने मला विचारलं होतं. मी ओसरीवर पेपर तपासत बसलो होतो.

"सर, फुटवे न्हाईत ना कुठं?"

"अरे, सगळं नांगरून झालंय. बिनघोर बसव."

नांगरायला ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं होतं, एवढंच खरं होतं. मी स्वतः शेतात जाऊन पाहिलं नव्हतं. नाल्याकडेला बाभळींमागे एक पट्टा त्याने तसाच सोडला होता.

आदल्या दिवशी धनगराचं शेजाऱ्याशी भांडण झालं होतं. दोन-चार मेंढ्या त्याच्या तुरीत शिरल्या होत्या.

"पुन्ना आल्या तं एकबी जिती जाऊ देनार न्हाई," शेजारी बांधावरून ओरडला.

धनगराची बायको काही कमी नव्हती. "दोन डहाळ्या खाल्ल्या तं एवढं काहून तापून राहिले? सोन्याची तूर हाय का तुमची?"

पाच-सहा माणसांनी हे ऐकलं होतं, त्यात मीही होतो. हसलोही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनगराने कळप पाण्याला सोडला आणि स्वतः काठी घेऊन तुरीच्या बाजूला उभा राहिला, पुन्हा भांडण नको म्हणून. त्याची पाठ बाभळींकडे होती. मेंढ्या त्या बाजूने पट्ट्यात शिरल्या, खाऊन नाल्यातल्या डोहावर आल्या आणि तिथेच कोसळायला लागल्या. डोह शेजाऱ्याच्या बांधाला लागून. तुरीवर फवारणी होऊन थोडेच दिवस झालेले. लोक जमले तेव्हा कुणाला काही विचारायची गरजच उरली नव्हती.

मी माझ्या शेतातून गेलो, म्हणून वाटेत तो पट्टा लागला. शेंडे खुडलेले, खुरांचे ताजे ठसे. डोहावर पोचलो तर एक मेंढी कुणीतरी कापून पाहिली होती. रक्त लालभडक होतं.

"बघा," एक म्हातारा म्हणाला, "रगत कसं ताजं हाय. जनावर एकदम निरोगी व्हतं. औषध घातल्याबिगर असं मरतंय व्हय?"

गावाने ते रक्त असं वाचलं. मला ते वेगळं दिसत होतं. हे विष पेशीत जाऊन बसतं आणि तिला प्राणवायू वापरूच देत नाही. फुप्फुसं चालू असतात, रक्त प्राणवायू भरभरून आणतं, पण पेशी काही घेत नाही. म्हणून रक्त जसं निघालं तसंच, लालच्या लाल परत येतं. एवढं लाल रक्त हीच ज्वारीची खूण होती.

"सर, तुमी सायन्स शिकवता. तुमीच सांगा," धनगर मला म्हणाला. त्याच्या मांडीवर एका मेंढीचं डोकं होतं. ती जिवंत होती.

मी म्हणालो, "विषबाधाच दिसते."

बास, तेवढंच. विष कुठलं, हे मी सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट लिहितो, जी मी बायकोलाही कधी सांगितली नाही. काही मेंढ्या अजून धापा टाकत होत्या. लहानपणी आमच्या बैलाने असे फुटवे खाल्ले, तेव्हा वडिलांनी त्याला गुळाचं पाणी पाजलं होतं. हा उपाय खात्रीचा नव्हता, पण बैल उठला होता. गुरांच्या डॉक्टरला नुसतं ‘ज्वारी खाल्ली’ एवढं कळलं तर तो त्याचं इंजेक्शन सोबत आणतो. माझ्या घरात गूळ होता. पण गुळाचं पाणी आणा म्हटलं असतं, तर ज्वारीचं नाव आलं असतं, आणि ज्वारी फक्त माझ्या रानात होती. मी गप्प उभा राहिलो. धनगराच्या मांडीवरचं डोकं कलंडलं, तेव्हाही मी तिथेच होतो. तालुक्याचा डॉक्टर आला तोवर मेंढ्या पुरून झाल्या होत्या आणि त्याला तुरीच्या फवारणीबद्दल सांगितलं गेलं.

त्याच संध्याकाळी मी ट्रॅक्टर बोलावून तो पट्टा नांगरून टाकला.

शेजारी नाही-नाही म्हणत राहिला. शेवटी ठरलं की त्याने खंडोबापुढे भंडारा उचलावा. आमच्याकडे ही शेवटची कचेरी. हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन माणूस बोलला की विषय मिटतो. मग खोटं असेल तर देव बघून घेतो. त्याने सगळ्यांसमोर भंडारा उचलला आणि ‘मी इख घातलं न्हाई’ म्हणाला. धनगराने मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. तोही सुटला आणि मीही.

वर्ष व्हायच्या आत शेजाऱ्याच्या बायकोला लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी बंद पडली की पुढच्या पेशी काही मिनिटांत मरायला लागतात. त्या बाईला कितीतरी दिवस रक्तदाबाचा त्रास होता, चक्कर येऊन ती एकदा पिठाच्या गिरणीत पडलीही होती. हेही मला ठाऊक होतं. पण गाव म्हणालं, खोटा भंडारा फळला. मी चहा पीत ऐकून घेतलं. धनगराने शेजाऱ्याच्या रानात पाय टाकणं सोडलं, आणि त्याचं बघून बाकीच्या कळपवाल्यांनीही. माझ्याकडे मात्र दरवर्षी मेंढ्या बसत राहिल्या.

वर्गात श्वसनाचा धडा दरवर्षी यायचाच. एकदा एका हुशार मुलीने विचारलं, "सर, रक्तात भरपूर ऑक्सिजन असूनही कुणी मरू शकतं का?" मी तिला म्हणालो, हे परीक्षेला येत नाही.

यंदा दिवाळीनंतर कळप आला. आता धनगराचा मुलगा कळप सांभाळतो. फाट्यावरच्या हॉटेलात आम्ही चार-पाच जण बसलो होतो. शेजाऱ्याने बरीच वर्षं गिळलेली गोष्ट त्या मुलाजवळ काढली.

"यंदा माझ्याकडं बसव की रे. जमीन पार मेली माझी."

मुलगा खाली बघत म्हणाला, "न्हाई जमनार, काका. बापानं सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंय?"

मागून कुणीतरी हसलं. शेजारी उठला आणि गेला. वाकलाय आता तो, काठी घेऊन चालतो. माझ्याच वयाचा आहे. मला वाटलं, हा असाच मेला तर ‘इख घालणारा’ म्हणून मरेल, आणि खरं सांगणारा एकमेव माणूस मी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धनगराच्या बिऱ्हाडावर गेलो. म्हातारा धनगर हातातल्या चातीवर लोकरीचं सूत काढत बसला होता. त्याचे गुडघे गेलेत.

"या सर. आज इकडं कुनीकडं?"

मी उभ्यानेच सांगितलं. पट्टा, फुटवे, ट्रॅक्टर. त्याने चाती थांबवली.

"पर रगत लाल व्हतं ना," तो म्हणाला. "म्या सोताच्या डोळ्यानं पायलं."

"मामा, उन्हाळ्यात गल्लीत टँकर येतो. समजा टँकर भरलेला आहे, पण एकाही घराचं दार उघडेना. तो तसाच भरलेला परत जाईल ना? रक्ताचं तसं झालं होतं. आतल्या पेशींची दारं विषाने बंद केली होती. रक्त लाल होतं, कारण त्यातलं कुणी काही घेतलंच नव्हतं."

त्याने सूत गुंडाळून बाजूला ठेवलं.

"म्हंजे हवा अंगात व्हती. आन् तरी गुदमरून मेल्या."

"हो."

"तवा गुळाचं पानी पाजलं असतं तं?"

त्याला गुळाचं पाणी माहीत होतं. अर्थात माहीत असणार. त्याला फक्त ज्वारी माहीत नव्हती, कारण मी नाही म्हणालो होतो.

"काही वाचल्या असत्या," मी म्हणालो.

त्याची सून चहा घेऊन आली. त्याने तिला हातानेच परत पाठवलं. मग मुलाला हाक मारली, "गाडी काढ. सरांना त्यांच्या शेजाऱ्याकडं घेऊन चाल. मीबी येतो."

शेजारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्याने हातातली शेंग खाली ठेवली नाही.

"ट्रॅक्टर म्या पायला व्हता," तो म्हणाला. "तवाच बोललो व्हतो दोघा-तिघांपाशी. ते म्हनले, सर कशाला खोटं बोलतील."

मी म्हणालो, "माझं चुकलं, भाऊ."

"मास्तर, माह्या बायकोला सांगाया पायजे व्हतं तुमी." त्याचा आवाज चढला नाही. "तिची जीभ धड वळत न्हवती. तरी इचारायची, खरं सांगा, घातलं न्हवतं ना तुमी? मी न्हाई म्हनायचो. थोड्या दिसानं पुन्ना इचारायची. मरेस्तोवर इचारलं तिनं."

त्याने हातातली शेंग सोलली आणि दाणे सुपात टाकले.

शेवटी म्हातारा धनगर म्हणाला, "भंडारा यानं जिथं उचलला तिथंच बोला, सर."

पुढच्या रविवारी खंडोबापुढे मी बोललो. माणसं होती बऱ्यापैकी. ओळीने सगळं सांगितलं, लकव्याचंही सांगितलं, की त्या बाईचा आजार रक्तदाबाचा होता, देवाचा त्यात काही संबंध नव्हता. मध्येच माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "जाऊ द्या ना सर, एवढ्या वर्सांनी काहून उकरून काढून राहिले?" त्याला मला वाचवायचं होतं.

"बोलू दे त्याला," म्हातारा धनगर म्हणाला. त्याने मला ‘त्याला’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या आठवड्यात धनगराच्या मुलाने शेजाऱ्याला बरोबर घेऊन त्याचं सगळं रान पायाखाली घातलं, नाल्यापर्यंत, आणि संध्याकाळी तिथे वाघर लावली. शेजारी खाट टाकून कळपाजवळच झोपला, असं ऐकलं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, तिथून उठल्यावर माझ्याकडे बसवणार का. तो म्हणाला, "तुमच्याकडं न्हाई, सर."

माझ्या आणि शेजाऱ्याच्या रानात एकच बांध आहे. यंदा त्याच्या बाजूला लेंडीखत पडलंय आणि माझं रान कोरडं आहे. येणारे-जाणारे विचारतात, सर, यंदा मेंढ्या तिकडे कशा? मग मी त्यांना थांबवतो आणि ज्वारीपासून सांगायला सुरुवात करतो.