वाहून गेलेला वाफा

इन्ले तलावावर थंडीत सकाळ अशी उजाडत नाही. धुकं हळूहळू पांढरं होत जातं, एवढंच. त्या पांढऱ्यातून न्वेमावशीची होडी फिरत्या बाजाराला निघायची. होडी दिसायच्या आधी भाजलेल्या डाळीच्या पिठाचा वास यायचा, आणि किनाऱ्यावरची माणसं उगीचच ताटं पुसायला लागायची.

मावशी कोशिंबिरी विकायची. थंडीत हिरव्या टोमॅटोची, उन्हाळ्यात कैरीची, पावसात बांबूच्या कोवळ्या कोंबांची. त्यात उकडलेले वाटाणे, दाण्याचं कूट, तीळ, चिंचेचा कोळ, आणि भूक मोठी असेल त्याला मूठभर गार भात. सगळं हातानं कालवायचं. कुणी चमचा मागितलाच तर म्हणायची, "चमच्याला काय कळतंय, टोमॅटो दुखावला का नाही ते?"

टोमॅटो तिच्या स्वतःच्या वाफ्यातले. इथले वाफे पाण्यावर तरंगतात, शेवाळाचे आणि चिखलाचे. बांबू आरपार तळाच्या गाळात ठोकून त्यांना जागेवर धरायचं. आईमागं असा एक लांबलचक वाफा उरला होता. न्वेमावशी आणि धाकटी ओन मे, दोघी बहिणींनी तो करवतीनं मधोमध कापला, खरवस कापावा तसा. आता मधोमध म्हणजे नेमकं कुठं, यावरून अशी काही जुंपली की ओन मेनं आपला तुकडा होडीमागं बांधला आणि थेट तलावाच्या दक्षिण टोकाला नेला. तेव्हापासून बोलणं बंद. बाजारात समोरासमोर आल्या तरी दोघी धुक्याकडं बघायच्या. आता याला काय म्हणावं?

यंदा मावशीनं कुजके बांबू बदलायचा कंटाळा केला. आज करू, उद्या करू, आणि मग वारा सुटला. सकाळी बघते तर घरापुढं नुसतं पाणी. टोमॅटो, कडेचा घेवडा, जुनं लुंगीवालं बुजगावणं, सगळं उठून निघून गेलेलं. तिचं पोट त्याच वाफ्यावर होतं. आणि आईचं म्हणून तिच्याजवळ जे काही उरलं होतं, ते तेवढंच.

वाऱ्याच्या रोखानं ती दक्षिणेला वल्हवत निघाली. धुक्यात आकाश कुठलं न् पाणी कुठलं, काही कळत नव्हतं. तिला वाटायला लागलं, वाफा झोपेत चालत गेलाय, नुसती हाक मारली तरी थांबेल. मग तिनं खरंच हाक मारली. "अरे, थांब की रे जरा." पुढं कुठंतरी एक पाखरू उडालं. ती त्या आवाजाकडं गेली.

बुजगावणं दिसलं आधी. मग वाफा. मग तो ज्या घराच्या खांबाला कोऱ्या दोरानं करकचून बांधला होता, ते घर. पायरीवर ओन मे बसली होती.

"चोरलास ना शेवटी?" मावशी म्हणाली. इतक्या वर्षांनी तोंडातून निघालं ते हेच.

"तुझ्याकडं चोरण्यासारखं होतं काय, अक्का? तलावातून नदी निघते, तिच्या तोंडाकडं निघाला होता. भर वाऱ्यात होडी घालून ओढून आणला. खांदा गेला माझा." ओन मेनं उजवा हात पोटाशी धरला होता. "जेवलीस?"

"नाही."

"मग कालव. मी सकाळपासून बसलीये तशीच. हात वर होत नाही."

मावशीनं बाह्या सारल्या. बहिणीचे टोमॅटो, आपला घेवडा, वाटाणे, कालचा भात, सगळं एका थाळ्यात पडलं. तिनं कालवलं आणि पहिला घास ओन मेच्या तोंडाशी नेला.

"मीठ कमी."

"घातलंच नाही अजून, बये."

ओन मे हसली, आणि मावशीला रडू कोसळलं. थाळ्यातला हात तसाच ठेवून ती रडत राहिली. ओन मेनं डाव्या हातानं तिचे डोळे पुसले, तेही धड जमलं नाही.

जेवण झाल्यावर मावशी दोर सोडायला उठली.

"राहू दे ना बांधलेला," ओन मे पाण्याकडं बघत म्हणाली. "लागतील तसे तोडून ने. रोज."

"रोज? एवढ्या लांब?"

"हो. लांब आहे खरं."

न्वेमावशीनं दोर सोडला नाही. टोपली घेऊन ती वाफ्यावर उतरली, आणि एका दिवसापुरतेच टोमॅटो तोडले.