कल्याणच्या मिशनला दार पाहिजे

"ते घरात येनार न्हाई."

"घरात कुठं येतंय आये, मागच्या खोलीला लागतंय."

"खोली काय गावाभाईर हाय व्हय? दार ते दार. तुझ्या बापानं लावलं न्हाई, आज्यानं लावलं न्हाई. आन तू टेम्पोत घालून आनलंस, तेलाच्या डब्यांवर निजवून, जावई आनल्यासारखं."

"आये, ते खरं दार न्हाई."

रतनबाईंनी टेम्पोतल्या दारावर हाताची मूठ आपटली. दार दारासारखंच वाजलं. "मग हे काय, पापड हाय?"

"पिक्चरचं दार हाय. फोडायला आनलंय."

"फोडायला?"

"लाथ घालून. एका शॉटमधी."

नवस फेडायचा राहिला की होतो तसा रतनबाईंचा चेहरा झाला.

हे सगळं शनिशिंगणापुरात चाललं होतं म्हणून त्याचं भांडण झालं. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणी दार आणलं तर सुताराला चहा पाजतात. इथं घरांना चौकटी असतात, चौकटीला पडदा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवलेली असते. कवाड नसतं. राखण देव करतो आणि उरलेली देखरेख शेजारी करतात. कोण केव्हा जेवलं, कुणाकडं कोण आलं, कुणाच्या सुनेचं तोंड सकाळपासून का सुजलंय, हे सांगायला इथं कॅमेरा लागत नाही.

अशा गावात कल्याणला मात्र कॅमेऱ्याचा नाद लागला. वय तिशीचं. वाहनतळाजवळ तेल, उडीद, काळं कापड आणि रुईच्या पानांच्या माळा विकायचं दुकान. शनिवारी घसा बसेपर्यंत भाविकांना हाका मारायच्या आणि बाकीचा आठवडा मिशन करायचं. मिशन म्हणजे मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम. कमांडो असतात, शत्रूचा अड्डा असतो, कमांडो अड्ड्यात शिरतात आणि दिसेल त्याला उडवतात. बाकीची पोरं तो खेळून झोपी जातात. कल्याणला वाटलं, यावर पिक्चर निघाला पाहिजे आणि तो आपणच काढला पाहिजे.

पिक्चर निघालेही. ठिबकच्या नळ्यांना काळा रंग देऊन बंदुका झाल्या. शाळेची दप्तरं पोटावर बांधून चिलखतं झाली. शत्रू उसात लपायचे, कारण उसात कुणी काय घातलंय ते दिसत नाही. हिरो ओम. तो सुप्याच्या कारखान्यात पॅकिंगला होता आणि सुट्टी मिळेल तसा मोटरसायकलवरून येऊन देश वाचवून जायचा. कॅमेरा करणकडं. करण लग्नाचं शूटिंग करणारा, त्यामुळं गोळी लागून पडलेल्या शत्रूलाही तो सांगायचा, "काका, जरा हसा, हनुवटी वर घ्या." एका पिक्चरमध्ये सेनापती मरतो तेव्हा त्याच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या पडतात. करण म्हणाला, ते आपोआप पडतं, सेटिंगमध्येच आहे.

पिक्चर मोबाईलवर टाकले की बघणारे बहुतेक नातेवाईक. ते खाली हात जोडल्याची चित्रं टाकायचे. कल्याण सुखी होता. मग एक अनोळखी माणूस आला आणि त्यानं खाली लिहिलं, "भाऊ, मिशनमध्ये प्रत्येक लेव्हलला दार फोडतात. तुमचे कमांडो पडदा सरकवून, चपला काढून आत जातात. अड्ड्यावर चाललेत का मुलगी बघायला?"

खोटं नव्हतं ते. ओमनं खरोखरच चपला काढल्या होत्या. उंबऱ्याबाहेर त्या नीट जोडीनं ठेवलेल्या दिसत होत्या, आणि करणनं त्यांच्यावर कॅमेरा जवळ नेला होता.

त्या दिवसापासून कल्याण जेवताना मोबाईल पालथा ठेवायला लागला. बायको स्नेहलनं विचारलं, "काय झालं ओ?" तर म्हणाला, "आपल्याकडं दार न्हाई." जामखेडची स्नेहल लग्न होऊन आल्यापासून हेच म्हणत होती, पण तिला वाटलं होतं की हे फक्त तिलाच सुचतं.

तर दार आलं. नगरच्या भंगार बाजारातून, कुठल्या तरी बंद पडलेल्या दवाखान्याचं. हिरवा रंग, आणि पांढऱ्या अक्षरात मजकूर: 'एका वेळी एकाच पेशंटने आत यावे.'

रतनबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला. "फोडायचंच असंल तर लाव. फुटनारं दार म्हंजे दार न्हाई. पन कडी न्हाई, कुलूप न्हाई. आन फोडलं न्हाईस, तर मग ते दार झालं. ते मला चालनार न्हाई."

हा निकाल ऐकायला पंचायतीचे सदस्य छगनतात्या मुद्दाम आले होते. काल टेम्पोपाशी सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. त्यांनीही मान डोलावली. "धर्मात बसतंय. फुटलं पायजे मात्र."

दार बसवायला भीमाबापू सुतार आले. त्यांनी आयुष्यभर चौकटी केल्या होत्या, एकदम सरळ, काटकोनात. पण चौकटीत काही अडकवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी खोलीत डोकावून बघितलं. आत तेलाच्या डब्यांची थप्पी. "आत उघडलं तर डब्याला लागंल," असं म्हणून त्यांनी दार बाहेर उघडेल असं बसवलं, चहा घेतला आणि नेवाशाला भाचीच्या लग्नाला निघून गेले.

शूटिंगला गाव लोटला. ओम हेल्मेट घालून, पोटावर दप्तर बांधून, नळी सरसावून आला. कल्याण म्हणाला, "ॲक्शन." ओम दबक्या पावलानं दारापर्यंत गेला. थांबला. खाकरला. आणि गावातला माणूस कुणाच्याही उंबऱ्यापाशी जे म्हणतो तेच म्हणाला, "हाय का कोन घरात?"

"कट. आरं, आत शत्रू हाय."

"सवयीनं गेलं तोंडातून, दादा."

"शत्रूला हाक मारत्यात का?"

"मारत न्हाईत, पन दारासमोर हुबं ऱ्हायलं की काय तरी म्हनावं वाटतं."

दुसऱ्या वेळी ओमनं हाक मारली नाही. पळत जाऊन लाथ घातली. बाहेर उघडणारं दार बाहेरून मारलेल्या लाथेनं आणखी घट्ट बसलं, आणि ओम मागं, करणच्या अंगावर. मग गावात वाद पेटला. दार आत उघडतं का बाहेर, यावर ज्यांच्या सात पिढ्यांत दार नव्हतं ते सगळे तावातावानं बोलले. चांगुणाकाकू म्हणाल्या, त्यांच्या माहेरी बाहेर उघडतं. कुणी म्हणालं, बँकेचं दोन्हीकडं उघडतं. शेवटी ठरलं की भीमाबापू लग्नाहून परत येईपर्यंत शॉट राहील. म्हणजे दारही राहील.

इथून पुढं जे झालं ते कुणी उघड बोललं नाही.

पहिले छगनतात्या आले. "काय लफडं हाय ते बघितलं पायजे, लोकं मला इचारत्यात," म्हणत आत गेले आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ आतून त्यांचा मऊ आवाज येत राहिला. मुलीशी बोलत होते फोनवर, जिच्याशी त्यांनी गावासमोर संबंध तोडले होते. बाहेर आले ते नाक पुसत. "तेलाचा वास लई हाय," म्हणाले.

दुपारी चांगुणाकाकू. त्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. पदराखाली काहीतरी धरून आत गेल्या आणि तोंड पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "दार मजबूत हाय."

मग ही रीतच पडली. दारावर लिहिलंच होतं, एका वेळी एकानंच, आणि लोक खरंच भिंतीला टेकून आपली पाळी धरायचे. एकमेकांना कारण विचारायचे नाहीत. रतनबाई एकदा डबे मोजायला म्हणून आत गेल्या. डबे मोजायला एवढा वेळ लागत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण?

स्नेहल जायची जेवणं झाल्यावर, सगळ्यांच्या शेवटी. दाराच्या मुठीला तिनं दुकानातल्या काळ्या कापडाची पट्टी बांधली होती. ती आतून हातात धरून बसायची.

कल्याणला यातलं काही दिसलं नाही. तो दुकानात बसून लाथेचा कोन ठरवत होता.

भीमाबापू आले. डबे एका बाजूला सरकवून त्यांनी दार उलटं फिरवलं, आता आत उघडेल असं. ओमनं सुट्टी टाकली. करणनं चार्जिंग केलं. पण या वेळी गाव जमला तो वेगळ्याच तोंडानं.

"उद्या आवस हाय," छगनतात्या म्हणाले. "मोडतोड नको आज."

"तात्या, तुमीच म्हनलात ना फुटलं पायजे?"

"म्हनलो. कधी ते म्हनलो का?"

"लाकूड चांगलं हाय रं," चांगुणाकाकू म्हणाल्या. "नुसतं फोडल्यासारखं करा. पिक्चरमधी समदं खोटंच असतं की."

"काकू, त्या मानसानं नुसतं दार न्हाई म्हनून माजं हासं केलंय. खोटं फोडलं तर काय म्हनंल?"

रतनबाई कुणाच्याच बाजूनं बोलल्या नाहीत. त्यांच्या निकालानं त्यांनाच अडकवलं होतं. एवढंच म्हणाल्या, "स्नेहल आत हाय."

कल्याण दारापाशी गेला. लाथेसाठी आणलेल्या दारावर त्यानं बोटानं टकटक केलं, आणि आपण हे कुठून शिकलो याचंच त्याला नवल वाटलं.

"स्नेहल, भाईर ये. शॉट हाय."

"तुमी आत या."

"समदी थांबलीत."

"थांबू द्या. एका वेळी एकच म्हनून लिवलंय, आपन दोघं हाव. तेवढं चालंल."

आतून डबा सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं, कल्याण आत गेला, डबा परत दाराला लागला. दार आणून इतके दिवस झाले होते, पण ते आतून त्यानं आजच बघितलं. आतल्या बाजूला रंग नव्हता. बाहेर करण काहीतरी ओरडला, पण काय ते कळलं नाही. आईचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच त्याला लांबून आला.

"काय करतीस तू हितं?"

"काय न्हाई करत."

"मग?"

"तेच. काय न्हाई करत. भाईर असलं की काय तरी करत असल्याचं दाखवावं लागतं." ती दुसऱ्या डब्यावर बसली. "परवा हितं मोठ्यानं हासले. एकटीच."

"कशाला?"

"तुमचा पिक्चर आठवला. ते गुलाबाच्या पाकळ्यांचं."

कल्याणला राग यायला हवा होता. पण बंद दाराआड बायको आपल्याला हसतेय आणि ते कुणालाच ऐकू जात नाहीये, हे त्याला नवीन होतं.

"हे दार ऱ्हाऊ द्या," स्नेहल म्हणाली. "दुसरं काय बी फोडा. मडकी फोडा, माज्या आंदनातलं कपाट फोडा. हे नको."

"लोकं काय म्हनतील?"

"कोनती? मोबाईलमधली का भाईरची?"

"दोनी."

"भाईरची काय म्हनत न्हाईत. बघितलं न्हाई का, कशी बसल्यात भिताडाला टेकून."

"आन आये? ती म्हनली, फोडलं न्हाई तर ते दार झालं."

"व्हय," स्नेहल म्हणाली. "झालंच हाय ते."

कल्याणनं दाराच्या आतल्या बाजूवर हात ठेवला. ओमची लाथ नेमकी कुठं बसेल ती जागा त्यानं बाहेरून खडूनं आखली होती. आतून ती जागा बसलेल्या स्नेहलच्या डोक्याच्या उंचीला येत होती. त्या अनोळखी माणसाचं वाक्य त्याला पाठ होतं, तरी आत्ता ते सुरुवातीपासून आठवेना.

"बोला की," स्नेहल म्हणाली.

त्यानं डबा सरकवला आणि बाहेर आला. ओम हेल्मेटची काच वर करून, एक पाय पुढं टाकून उभा. करणच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागलेला. छगनतात्या उठून उभे राहिले.

"दादा, मारू का लाथ?" ओमनं विचारलं.

"कल्याण," रतनबाई म्हणाल्या, "फुटनार हाय का न्हाई, ते एकदा सांग मला."

कल्याणनं मुठीला धरून दार आपल्याकडं ओढलं. ते चौकटीत बसेपर्यंत ओढलं आणि लाथेसाठी आखलेली खडूची खूण तळहातानं पुसून टाकली. मग तो ओमच्या समोरून, आईच्या समोरून दुकानाकडं चालू लागला.