नियमांच्या पुस्तकातली ज्वारी

सालोमी मावशी गेल्याचा निरोप माझ्या नवऱ्याला पूर्णा स्टेशनावर मिळाला. तो सांगायला घरी आला तेव्हा मी भाकरी करत होते. तव्यावरची करपली. मावशी असती तर म्हणाली असती, "रडायचं ते रड, पर अन्न कशाला जाळायलीस?"

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली आणि तिनंच मला वाढवलं. शाळेत पहिलीचा वर्ग तिच्याकडे असायचा. पोरांना ती ज्वारीच्या दाण्यांवर मोजायला शिकवायची. मी रेल्वेतल्या एका बौद्ध कारकुनाशी लग्न केलं, तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी ठरवलं की हिला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं वाटतात ती भाकर आणि द्राक्षारस, द्यायचं नाही. चर्चमध्ये बसावं, गीतं म्हणावीत. पण भाकरीचं तबक आलं की ते हिच्यापुढून जाईल. भरल्या पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं मला... मावशीनं चर्चच्या पाळकसाहेबांकडून मंडळीच्या नियमांचं पुस्तक तेवढं मागून आणलं.

मग ओसरीवर आमचा उद्योग सुरू झाला. मी मोठ्यानं वाचायचे आणि ती ज्वारी टाकायची. एकेका शब्दाला एकेक वाटी. 'शिस्त' आला की त्या वाटीत दाणा, 'क्षमा' आला की ह्या. दुपारी जरा डोळा लागला तर कोंबड्यांनी शिस्तीची वाटी फस्त केली. मावशी म्हणाली, "खाऊ दे. ह्या तरी नीट वागतील." आणि पुन्हा पहिल्या पानापासून बसली.

रविवारी उपासनेनंतर तिनं त्या वाट्या पंचांपुढे मांडल्या. 'शिस्त' आणि 'काढून टाकणे' शिगोशीग भरलेल्या. 'क्षमा' आणि 'प्रीती' यांचे तळ दिसत होते. पंच एकमेकांकडे बघायला लागले. पाळकसाहेब स्वभावानं भला माणूस. ते हसून म्हणाले, "मावशी, भाजीत मीठही थोडंच असतं. म्हणून ते कमी महत्त्वाचं का?"

"थोडं पुरतं, खरं हाय साहेब. पर ही पोरगी चाखणार कशी? हिच्यापुढं ताटच येत न्हाई."

नियम मात्र तसाच राहिला. पुढच्या महिन्यात तबक आलं तेव्हा मावशीनं ते हातानं पुढे सरकवलं. हिला मिळेल तेव्हाच मी घेईन, म्हणाली. वर्षं गेली तरी तिनं घेतलं नाही. या भोजनासाठी शनिवारीच पांढरं लुगडं धुऊन ठेवणारी बाई ती! मी लय भांडले. माझ्यापायी ती उपाशी राहतेय, हे मला सोसवत नव्हतं. ती म्हणायची, "हट्ट न्हाई गं. तुला सोडून घशाखाली उतरत न्हाई."

शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षारस घेऊन तिच्या खोलीत आले. मावशीचं बोलणं बंद झालं होतं, पण समजत सगळं होतं. त्यांनी तुकडा ओठांशी नेला तर तिनं तोंड मिटून घेतलं. "घे ना मावशी, पाया पडते तुझ्या," मी रडत म्हणाले. तिनं मान फिरवली. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पंचांचं मी बघून घेईन." आणि तो तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला.

मी तो गिळेपर्यंत मावशी माझ्याकडे बघत होती. मग तिनं तोंड उघडलं.