घरगाडीची खिडकी

त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. डोकं मात्र कायम तापलेलं. लोकांची घरं, दुकानं, गोदामं गार करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दुसरं नाव तरी काय पडणार? एसी बिघडला, बोलवा थंडोबाला. शीतगृह बंद पडलं, बोलवा थंडोबाला. तो यायचा, शिडी लावायचा आणि काम राहिलं बाजूला, आधी घरच्यांना झापायचा. खिडकीला फट कोणी ठेवली? दार उघडं टाकून कोण गेलं? "गारवा जाईल" हे त्याचं पालुपद. गिऱ्हाईक केवढंही मोठं असो, त्यातून सुटका नाही. पण काम असं चोख, की लोक बोलणी खाऊन वर त्यालाच चहा पाजायचे.

हे पालुपद सगळ्यात जास्त ऐकलं त्याच्या बायकोनं. ती लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहायची. दिवसभर वाफ अंगावर घेतलेली बाई घरी आली की चपला काढायच्या आधी खिडकी उघडायची. हा उठून ती बंद करायचा. ती पुन्हा उघडायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नाही. "तुम्हाला हवा गार लागते, मला हलती लागते," असं ती म्हणायची. लाँड्रीतल्या बायका मागच्या दारावर ओली चादर टांगून पुढचं दार सताड उघडं ठेवायच्या, हे तिनं त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. तो हसायचा. बायकांचे उद्योग म्हणायचा. आता काय बोलावं! स्वतःच्या विद्येपुढे माणसाला घरातलं शहाणपण दिसत नाही, एवढंच खरं.

मग तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. त्यात गोळ्या अशा की अंगाला घाम येईना. डॉक्टरांनी थंडोबाला बाजूला घेऊन बजावलं, की यांच्या अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच उरलेली नाही, उन्हापासून जपा. त्यानं जपलं. जन्मात भाताचं भांडं न धुतलेला माणूस तिला भरवायला शिकला, आंघोळ घालायला शिकला. वेणीही घालायचा. वाकडी व्हायची, पण घालायचा.

अशात वाळवंटापलीकडून फोन आला. तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि थंडीपर्यंत काढेल असं काही दिसत नव्हतं. आई लवकर गेल्यावर याच बहिणीनं तिला कडेवर घेऊन वाढवलं होतं. फोन झाला आणि बायको म्हणाली, "ताई." त्या दिवशी तिच्या तोंडून दुसरा शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशीही तोच.

बसमध्ये तिला आडवं पडता येणार नव्हतं आणि विमानाला डॉक्टरांची ना होती. थंडोबानं भंगारात निघालेली एक मिनीबस उचलून आणली आणि अंगणात उभी केली. बाकं उपटली, पलंग बसवला, पाण्याची टाकी लावली. छताला पांढरा रंग दिला, पत्र्याच्या आतून जाड फोम चिकटवला, काचांना आतून चंदेरी कागद लावला. छतावर एसी, त्याच्या शेजारी वर उघडणारं झाकण आणि मागच्या खणात जनरेटर. शेजारी विचारायचे, एवढ्या उन्हात घर घेऊन कुठं निघालात? म्हातारपणी हौसेला मोल नाही, असंही कोणीतरी बोललं. एरवी त्यानं त्याची सालपटं काढली असती. आता तो खाली मान घालून स्क्रू पिळत राहिला.

पलंगाजवळची खिडकी तेवढी खडखडायची. रबर लावून पाहिलं, पाचर ठोकून पाहिली. शेवटी त्यानं ती चारी बाजूंनी पक्की सील करून टाकली. खुर्चीत बसून बघणारी बायको म्हणाली, "खिडकी." तो अभिमानानं म्हणाला, तीच तर बंद केली, आता मुंगी आत शिरायची नाही.

प्रवास सुरुवातीला छान झाला, हे कबूल करायला हवं. तो उजाडायच्या आत निघायचा. ऊन चढलं की एखाद्या पेट्रोलपंपाच्या छपराखाली गाडी लावायचा, तीही अशी, की पुढची मोठी काच उन्हाकडे येऊ नये. पलंगावर तापमापक टांगला होता, त्याकडे तो दर थोड्या वेळानं मान वळवून बघायचा. बायको खिडकीच्या चंदेरी कागदाकडे बघत पडायची. तो बेसूर गायला लागला की अर्ध्या ओठानं हसायची. ते हसू बघून त्याला वाटायचं, जिंकली बाबा लढाई.

पुढं एका सकाळी रस्त्यावर वाळूचा ढीग आला होता आणि त्यात एक ट्रक आडवा झाला होता. मागून गाड्या येऊन लागल्या. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. ऊन डोक्यावर आलं. सावली म्हणावी तर आसपास एक झुडूप नव्हतं. जनरेटर खोकला, पुन्हा खोकला आणि बंद पडला. थंडोबानं फिल्टर काढून वाळू झटकली, हात भाजून घेतले, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आणली. यंत्र तापून गेलं होतं. ते काही ऐकेना.

मग त्यानं तेच केलं, जे जन्मभर केलं होतं. शीतगृहाची वीज गेली की पहिला नियम एकच, दार उघडायचं नाही. आतला गारवा आत कोंडून ठेवायचा. त्यानं दाराची फट टॉवेलनं बुजवली, छताचं झाकण दाबून बसवलं आणि बायकोच्या उशाशी जाऊन बसला. नियम खराच होता. पण आत बटाट्यांची पोती नव्हती, त्याची बायको होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "खिडकी."

"अगं, राहू दे बंद. गारवा जाईल."

तिनं डावा हात उचलून काचेकडे केला. त्यानं तो हळूच खाली ठेवला. त्याला वाटलं, जित्याची खोड, तेच जुनं भांडण. तापमापक चढत होता, ते त्याला दिसत होतं. बाहेर याहून जास्त असेल, अशी तो मनाची समजूत घालत राहिला. तिनं पुन्हा हात उचलला. पुन्हा त्यानं खाली ठेवला, आणि या खेपेस जरा रागानंच. नंतर हात उचलला गेला नाही.

त्यानं तिच्या कपाळाला हात लावला आणि त्याची पाचावर धारण बसली. कपाळ इस्त्रीसारखं तापलेलं, कोरडं ठणठणीत. हाक मारली तर डोळे उघडेनात. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला, की ती भांडत नव्हती.

खिडकी उघडायला गेला. ती कशी उघडणार? त्याच्याच हातचं चोख काम. नखांनी सील खरवडलं, पान्यानं उचकटलं, शेवटी तिच्या अंगावर चादर टाकून त्यानं तोच पाना काचेवर घातला. दार ढकलून उघडलं, छताचं झाकण वर फेकलं. आवाज ऐकून मागचा ट्रकवाला धावत आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं आपली ताडपत्री आणून छताच्या वर हातभर अंतर सोडून बांधली. थंडोबानं काचेचे तुकडे झटकून तीच चादर टाकीच्या नळाखाली भिजवली, फुटलेल्या खिडकीवर टांगली आणि उरलेलं पाणी तिच्या अंगावर ओतत राहिला. वाळवंटाचा भाजका वारा त्या ओल्या चादरीतून आत शिरला आणि उघड्या दारानं बाहेर पडला. आत आला तो गार होऊन. थंडोबा तिथं गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. चादर वाळत आली की रडतारडता उठून भिजवायचा.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. आधी चादरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हलली," ती म्हणाली.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. पुढचा सगळा प्रवास त्यानं फुटक्या खिडकीनं केला. डॉक्टर गाठून तिला सलाईन लावून घेतलं आणि मगच तो बहिणीच्या दारात पोचला.

बहीण होती. पडदे ओढलेल्या बंद खोलीत, एसीखाली, कातडं आणि हाडं एवढीच उरली होती. त्यानं बायकोला उचलून तिच्याशेजारी पलंगावर ठेवलं. दोघींनी एकमेकींचे हात धरले. थोड्या वेळानं बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो मुकाट्यानं उठला, पडदा सारला आणि खिडकी सताड उघडली. मावळतीचा वारा आत आला, दोघींच्या पांढऱ्या केसांवरून गेला.

बहिणीची सून घाईनं पुढं आली. "अहो काका, एसी चालू आहे. गारवा जाईल ना."

"जाऊ दे," थंडोबा म्हणाला आणि चादर भिजवायला पाणी कुठं मिळेल ते तिला विचारू लागला.