कौतिकामावशीची तीन अक्षरं

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले तं मुळीच नाही — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुमाले सांगून राहिलो, कारण तुमी तेल्हाऱ्याचे नाही.

मी पेंटर. पाट्या रंगवतो. माह्या दोस्तानं, सिद्धार्थनं, बसस्टँडजवळ चायनीजची गाडी टाकली. म्हणे, "गाडीवर माह्या मायचं नाव टाक. पण अस्सल चिनीत. येते ना तुले?"

आता बोला! मले अन् चिनी? पण फ्लेक्सवाल्यांच्या नाकावर टिच्चून टिकलेला गावातला मी एकटा पेंटर — नाही कसं म्हणू? "येते ना," म्हटलं.

घरी कपाशीवर फवारायचा पंप होता, चीनचा. त्याच्या स्टिकरवर लाल अक्षरं. तीन. सिद्धार्थच्या मायचं नाव कौ-ति-का, हेही तीनच! अन् काय अक्षरं होती, बाप्पा — आडवी रेघ बारीक, उभी जाड, आडवीच्या टोकाले इवलासा त्रिकोण. जशीच्या तशी उतरवली. आयुष्यातली माही सगळ्यात देखणी पाटी तीच. चोरीची.

मग एक दिवस मोबाईल धरून अर्थ पाहिला. 'तोंडात घालू नये.'

खाण्याच्या गाडीवर! चार वर्षं झाली, लोक त्या पाटीखाली मंचुरियन हाणून राहिले. मी बी हाणतो. हसू येते ना? मलेही यायचं.

पण सिद्धार्थची माय, कौतिकामावशी — शाळेची पायरी न चढलेली, जन्मभर अंगठा देणारी. ती रोज गाडीपाशी बसून त्या अक्षरांवर बोट फिरवे. मधलं म्हणजे दोन तंगड्या, शेवटचं नुसता चौकोन. परातीतल्या मैद्यात गिरवू गिरवू शिकली. मी पाहत होतो. तेव्हा तरी बोलायचं का नाही? नाही बोललो.

परवा शाळेत पालकसभा होती. माही पोरगी अन् मावशीची नात एकाच वर्गात. मॅडमनं हजेरीसाठी शाईचं पॅड पुढं केलं, तं मावशीनं ते सरकवलं. पेन मागतला. जीभ दातात धरून तीन अक्षरं काढली.

"हे काय, आजी?"

"माहं नाव. चिनीत." अन् माह्याकडं पाहून म्हणाली, "या बाबूनं देल्लं."

मराठीतलं कौतिका शिकवायले मले एक दुपार लागली असती. एकच. लाज वाटली, खरंच वाटली — अन् मी केलं काय? वाकून तिचा कागद पाहिला, पेन घेतला आणि पहिल्या अक्षराची शेपटी नीट करून दिली.