तिसरा पुकारा

कोल्हापुरात कोण हजर आणि कोण गैरहजर, हे ठरवायचा अधिकार एकाच माणसाला आहे, असं मी आजही मानते. तो माणूस म्हणजे मंगळवार पेठेतल्या आमच्या मेसवाल्या काकूंचे सासरे. मेसच्या माडीवर राहणाऱ्या आम्ही सगळ्या मुली त्यांना आबा म्हणायचो. जन्मभर ते कोर्टात शिपाई होते आणि दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करत. नोकरी सुटली, पुकारा सुटला नाही. जेवायला उशीर झाला की ते जिन्याच्या तोंडाशी येऊन आमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं पेठेला ऐकवत. गॅसच्या गाडीवाल्याचा पुकारा होई, न आलेल्या नळाच्या पाण्याचाही होई. नातीच्या लग्नात नवरदेवाला उशीर झाला, तर आबांनी कार्यालयाच्या दारातून त्याचाही पुकारा केला, आणि बिचारा बाशिंग हातात घेऊन धावत आला. नियम एकच होता. तीनदा पुकारल्याशिवाय कुणाला गैरहजर म्हणायचं नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये स्वतः जाऊन शोधून यायचं. "माणूस च्या पीत असतंय, न्हायतर भ्यालेलं असतंय," ते सांगत. "च्यावालं दुसऱ्याला येतंय. भ्यालेल्याला तिसरा लागतोय."

मी कुरुंदवाडची, लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातही माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नसे. अशी मी मॉक ट्रायलच्या, म्हणजे खोटा खटला खऱ्यासारखा चालवायच्या स्पर्धेच्या संघात जायला निघाले होते. त्यात चाचणी व्हायच्या आधीच घरी फोन करून निवड झाली म्हणून सांगून बसले. आईनं गल्लीत पेढे वाटले. आता निवड झाली नाही तर गावात कुठल्या तोंडानं जायचं, हा प्रश्न होता. आबांना चाचणीची खबर लागली आणि त्यांनी चाचणी घेणाऱ्या सरांना गाठून पुकारा करायचं काम स्वतःकडे घेतलं. त्या दिवशी इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते तासभर आधी हजर झाले आणि न्यायाधीश झालेल्या सरांना खुर्ची कशी मांडतात ते शिकवलं.

माझी पाळी आली तेव्हा मी कॉलेजच्या मागच्या जिन्यात उलटतपासणीचे कागद मांडीवर घेऊन रडत बसले होते. पहिला पुकारा ऐकला, दुसरा ऐकला, तरी बसूनच राहिले. आत सर म्हणाले, गैरहजर, पुढचं नाव घ्या.

"साहेब, दोनच झाल्यात," आबांचा आवाज आला. "तिसरा व्हायचा हाय."

मग ते जिन्यात आले. धीर दिला नाही, रागावले नाहीत, खिशातला रुमाल तेवढा पुढे केला. "आत जाऊन मी पुकारतो," ते म्हणाले. "लगेच न्हाय. टोपी सारखी करतो, पाणी पितो. तवर डोळं पूस."

डोळे पुसत मी दाराशी आले. आत त्यांनी टोपी काढली, झटकली, घातली. सर घड्याळ दाखवत होते आणि हे दोन पेले पाणी घोट घोट पीत होते. मग तिसरा पुकारा झाला, आणि "हाजर" असं कोण ओरडलं म्हणून मीच दचकले. दोन प्रश्न विसरले, पण आवाज दारापर्यंत गेला. सहा जणांत सहावी माझी निवड झाली आणि आईचे पेढे खरे झाले. स्पर्धेतून आम्ही दुसऱ्याच फेरीत परत आलो, त्याचं मला काही वाटलं नाही.

आज मी वकिली करते, ती त्या जिन्यातल्या रुमालामुळे. हे उपकार फिटायचे नाहीत. कोर्ट सुटल्यावर कधीमधी मेसवर जाते आणि दारातून आबांचं पूर्ण नाव, गावासकट, पुकारते. पहिल्या दोन हाका ऐकू आल्या तरी ते ओ देत नाहीत. तिसऱ्याला आतून "हाजर" येतं. अलीकडे मात्र तिसऱ्यानंतरही वेळ लागतो. काकू म्हणतात, "ये की आत, डोळा लागला असंल त्यांचा." मी जात नाही. उंबऱ्यातच थांबते. टोपी सारखी करत असतील, पाणी पीत असतील.